चार पावलं सरकलेला हद्दीचा दगड

मी एक जुना दगड आहे, मित्रांनो, चिखलोलीच्या बांधावरचा. स्वभावानं संशयी. काय करणार? दोन शेतांच्या मधोमध उभं राहायचं म्हणजे दोन्हीकडे डोळे ठेवावे लागतात.

मला इथं पुरलं शलोम आजोबांनी. त्यांचं घराणं बेने इस्रायल. धर्मानं ज्यू, बोलीनं पक्कं मराठी. शुक्रवारी सूर्य मावळला की त्यांचा शब्बाथ लागायचा, शनिवार संध्याकाळपर्यंत काम बंद म्हणजे बंद! आजोबांनी माझ्या एका अंगावर हिब्रू अक्षर कोरलं आणि ते तोंड मुद्दाम स्वतःच्या घराकडे केलं. "शेजाऱ्याला कशाला धाक? आपल्याच पोरांना हवा," असं म्हणायचे. नातवंडांना शास्त्रातली गोष्ट सांगायचे. देवानं वंशावंशाला चिठ्ठ्या टाकून जमीन वाटून दिली, पण मालकी स्वतःकडेच ठेवली. माणसं नुसती त्याची कुळं. वाडवडिलांकडून वाटा घ्यायचा, जपायचा, पुढच्यांना द्यायचा. शेजाऱ्याचा वाटाही त्यानंच दिलेला, म्हणून हद्द सरकवणं म्हणजे थेट देवाच्या वाटणीत हात घालणं.

तेव्हा माझा मान होता. बायका माझ्यावर विळे घासायच्या, मोजणीदार माझ्यापासून साखळी लावायचे. मग आजोबा गेले, भातशेती गेली, आजूबाजूला इमारती उठल्या, स्टेशन येणार अशी चर्चा सुरू झाली. माझ्याभोवती गवत माजलं. कुणी ढुंकून बघेना.

बघायचा तो एकटा भगवंत, पलीकडच्या शेताचा आगरी मालक. दर पावसाळ्याआधी कुदळ घेऊन यायचा आणि माझ्या पायाशी खणायचा. मी मनात म्हणायचो, लेका, कुठंतरी पाणी मुरतंय! आज वीतभर, उद्या हातभर, आणि एक दिवस मीच गायब. त्याची भाजीची गाडी त्याच्याच शेतातून, माझ्या कडेकडेनं रस्त्याला निघायची. दुसरी वाटच नव्हती त्याला. गाडी गेली की मी कललो तर नाही ना, ते आधी बघायचो.

गेल्या वर्षी एका शुक्रवारी दुपारी आजोबांचा नातू आण्णा पहार घेऊन आला. मी निवांत! अहो, घरचा माणूस, अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालेला फिटर. मला सरळ करायला आला असेल, असं वाटलं. भगवंत उल्हासनगरला लग्नाला गेला होता. आण्णानं मला उपटलं आणि चार पावलं भगवंतच्या शेतात, त्या गाडीवाटेच्या पलीकडे नेऊन पुरलं. म्हणजे वाट आता आण्णाची! सोमवारी सरकारी मोजणी होती. सूर्य कलायला लागला, शब्बाथ लागायच्या आत घर गाठायचं, म्हणून तो घामाघूम होऊन पळाला.

रविवारी त्याची थोरली बहीण बकुळा मोजणीसाठी आली. सातबाऱ्यावर तिचंही नाव आहे. लांबूनच मला भलत्या जागी बघून, आण्णाला घेऊन ती तडक माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"आण्णा, अक्षर कुठाय?"

घाईत त्यानं मला उलटं पुरलं होतं. अक्षर भगवंतकडे!

"पावसानं फिरला असेल."

"असं? पावसानं पहार कुठून आणली रे?"

आण्णानं मान खाली घातली. "ताई, आपली जमीन घेणाऱ्या बिल्डरला रुंद रोड हवाय. चार पावलं तर आहेत. भगवंतला काय फरक पडतो?"

"मग गाडी काय डोक्यावरून नेईल तो? शब्बाथ मोडू नये म्हणून धावलास, आणि जमीन ज्या देवाची, त्याचीच वाटणी मोडलीस! आजोबा असते तर थोबाड फोडलं असतं तुझं. बोलव भगवंतला."

भगवंत आला. त्यानं माझ्याकडे पाहिलंही नाही.

"आण्णा, मना शनवारीच समजला," तो म्हणाला. "तुमी सोताहून सांगाल म्हनून गप रायलो. दर साली याच्या पायाशी चर मारतो, पानी लागून कलंडू नये म्हनून. आन तुमी..."

मित्रांनो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतकी वर्षं ज्याच्यावर डूख धरला, तोच मला सांभाळत होता!

आण्णा आणि भगवंत दोघांनी मला उचलून जुन्या जागी बसवलं. मोजणी बरोबर निघाली. बिल्डर आण्णाचा अरुंद रस्ता बघून गेला, तो परत आला नाही. आण्णानं भगवंतपुढे हात जोडले. भगवंतनं मान डोलावली, पण चहाला थांबला नाही.

म्हणून विनवतो, बाळांनो, हद्दीच्या दगडांना जपा. मला जागेवर आणायला दोन माणसं आणि एक तास पुरला. भगवंत मात्र अजून आण्णाच्या घरी चहाला गेलेला नाही.