आतली कडी

खुर्ची दारात अडकली. बाईंनी चाकांना पुन्हा जोर दिला, तर बोटंच चौकटीवर खरचटली.

"आई, हात काढ आधी," मुलगा म्हणाला.

"थांब रे. जाईल."

ती जाणार नव्हती. टेप घेऊन शेजारी उभ्या असलेल्या नवीला ते सगळ्यांच्या आधी कळलं. परक्या देशातल्या त्या ऑफिसात तिला सगळे 'नवी'च म्हणत. नकाशे काढायला लागून जेमतेम सहा महिने झाले होते. बाईंच्या घरामागे बांधलेलं हे न्हाणीघर म्हणजे तिनं एकटीनं काढलेलं पहिलं काम. एवढंसं. पण निवृत्त शिक्षिका असलेल्या, पाय गेलेल्या बाईंनी पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "शोभा-बिभा नको मला. मला एकटीला आत जाता आलं पाहिजे. पोरगा उचलून नेतो ना, तेव्हा जीव नकोसा होतो."

नवीनं दार ऐंशी सेंटिमीटर लिहिलं होतं, विटेपासून विटेपर्यंत. घरी, तिच्या देशात, असंच लिहितात. चौकट किती जागा खाणार, उघडलेलं दार किती आत येणार, हे बघायला मिस्त्री असतो. इथल्या गवंड्यानं ऐंशी म्हणजे ऐंशीच सोडले. चौकट बसली, दार बसलं आणि उरले चौसष्ट. खुर्ची सहासष्टची.

"तुम्हाला दिसलं नाही का?" तिनं गवंड्याला विचारलं.

"दिसलं की." तो थापी पुसत होता. "पण कागदावर सही तुमची. मी माझ्या मनानं बदललं असतं, तर उद्या मानगूट कुणाची धरली असती?"

त्याचं काहीच चुकत नव्हतं, म्हणून तिला त्याचा जास्तच राग आला.

साहेबांनी ऑफिसात शांतपणे ऐकून घेतलं. "गवंड्यानं विचारायला हवं होतं, असं पत्र कर. कंत्राटी माणूस आहे, मुकाट्यानं बदलून देईल. नाहीतर भिंत फोडा, दारावरचं लिंटेल बदला, सगळं आपल्या गळ्यात. मग पुढचं काम तुला देता येणार नाही मला."

संध्याकाळी तिनं घरी फोन लावला. वडील मिस्त्री. साहेबलोकांचे नकाशे हातात घेऊन घरं बांधण्यात त्यांचा जन्म गेला होता.

"मिस्त्रीनं सांगितलं नाही?" त्यांनी विचारलं.

"इथं सांगत नाहीत, बाबा."

"मग तो मिस्त्री कसला?"

"तुम्ही कधी असं सावरून घेतलंत?"

वडील हसले. "कधी म्हणजे? जवळजवळ दर घरात! कुठं जिना डोक्याला लागतोय, कुठं दार पलंगाला अडतंय. गुपचूप सरकवायचं."

"साहेबांना सांगायचात?"

"छे! उगाच कशाला वाईट वाटायला लावायचं?"

कॉलेजात वडील काय करतात असं कुणी विचारलं, की ती 'बांधकामात आहेत' एवढंच म्हणायची. फोन ठेवल्यावर ते आठवलं आणि तिला स्वतःची भयंकर लाज वाटली. मग ती पत्र लिहायला बसली: दाराचं माप माझं चुकलं. गवंड्याचा दोष नाही.

साहेबांनी ते दोनदा वाचलं. "शहाणी आहेस की वेडी, तेच कळत नाही," म्हणाले. पुढच्या कामाची फाइल शेजारच्या टेबलावर गेली आणि तिच्याकडे पुन्हा दुसऱ्यांचे नकाशे उतरवण्याचं काम आलं.

भिंत फोडून पुन्हा बांधायला बारा दिवस लागले. त्यातल्या एका सकाळी ती माप घ्यायला गेली होती, तेव्हा मुलगा बाईंना उचलून घरातल्या जुन्या न्हाणीकडे नेत होता. बाईंनी डोळे घट्ट मिटून घेतले होते. नवीनं भिंतीकडे तोंड केलं आणि ते पलीकडे जाईपर्यंत टेप नुसतीच धरून ठेवली.

तेराव्या दिवशी ती अर्धी रजा टाकून गेली. तिला कुणी बोलावलं नव्हतं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं. चाकं फिरवली. खुर्ची चौकट ओलांडून आत गेली. दार लागलं आणि आतून कडी सरकली.

मुलगा सवयीनं उठला, दोन पावलं दाराकडे गेला आणि थांबला. हातांचं काय करावं ते त्याला कळेना.