चौदा नंबर गेल्यानंतरचा श्वास

मी एक जुनी खोली आहे, मित्रांनो. पण माझ्यात राहायला कुणी येत नाही. नागपूरच्या वेशीबाहेर एका पशुसंशोधन केंद्राच्या टिनाच्या शेडमध्ये मी उभी आहे. माझ्या भिंती जाड आहेत. दाराला रबराची कड आहे आणि कडी फक्त बाहेरून. मांसासाठी वाढवलेल्या रेड्यांना माझ्यात ठेवतात आणि मी त्यांचा श्वास मोजते. चाऱ्यातली किती ऊर्जा नुसती जगण्यात जळाली आणि किती मांस-चरबी होऊन अंगावर बसली, ते त्या श्वासावरून कळतं.

बारा वर्षं मी हे काम केलं. पाहुणे माझ्या अचूकपणाचं कौतुक करायचे. मग माझा रंग उडाला, आणि आकडा जरा वेगळा आला की माणसं म्हणू लागली, खोली म्हातारी झाली.

गेल्या मे महिन्यात माझ्यात चौदा नंबरचा रेडा होता. जनावरं सांभाळणाऱ्या साठीतल्या शालिकरामने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवलं होतं. शेवटचे दोन दिवस रेड्याला फक्त पाणी होतं, कारण उपाशी शरीराचा खर्च मोजायचा होता. शालिकराम काचेपलीकडे बसून असायचा. त्यानेही आपला डबा उघडला नाही. रेडा काचेला नाक लावायचा, काच धुरकट व्हायची, आणि आतली ती वाफ शालिकराम बाहेरून पुसत राहायचा.

तिसऱ्या दिवशी सकाळी चौदा नंबरला कत्तलखान्यात नेलं. हे मोजमाप बघणाऱ्या डॉक्टर सोनिका सोबत गेल्या. तिथे त्याचं मांस, चरबी आणि हाडं वेगवेगळी तोलली गेली.

इकडे शालिकराम मला झाडायला आला. झाडता झाडता तो गव्हाणीमागे बसला, आणि माझं दार आपल्याच वजनाने लागून बाहेरची कडी पडली. मला ते थांबवता आलं नाही. तो घरी गेला असं सगळ्यांना वाटलं. यंत्रं सांभाळणाऱ्या सुशीलने रिकामी खोली समजून थंड हवा बंद केली. वर टिन तापत होतं. शालिकरामने भिंतीवर थापा मारल्या. माझ्या भिंती आवाज बाहेर जाऊ देत नाहीत. मग थापा थांबल्या.

दुपारी सोनिका परतल्या. चौदा नंबरच्या चरबीचा आकडा लिहिताना त्यांची नजर माझ्या चालूच राहिलेल्या यंत्राच्या पडद्यावर गेली. श्वासाची रेघ संथपणे वर चढत होती.

"जुनी झाली ना मॅडम, बिघडली असन. बंद करून टाकतो," सुशील म्हणाला. त्याचं बोट बटणावर होतं.

"थांब," त्या हळूच म्हणाल्या. "चौदा नंबरचे तुकडे मी आपल्या डोळ्यांनी पाहिले. मग आत श्वास कोण घेऊन राहिलं?"

सुशील पुढे यायला धजेना. सोनिकांनी एकटीनेच कडी ओढली.

शालिकराम पडला होता. अंग तव्यासारखं तापलेलं. पाणी मारल्यावर बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले.

"काहून काढलं मले?" तो म्हणाला. "तो होता ना आत. मानेवर फुंकर घालून राहिला होता."

शालिकराम वाचला. आता तो माझ्या उंबऱ्यापर्यंतच येतो. सोनिकांनी दाराला आतूनही उघडता येईल अशी कडी बसवून घेतली. त्या दुपारच्या रेघेचा हिशेब त्यांनी चार वेळा केला. तो एका माणसाच्या श्वासाहून जास्त भरतो. घाबरलेला माणूस जास्त श्वास घेतो, असं त्यांनी वहीत लिहिलं. असेलही. मी मोजणारी, पण त्यातला थोडा श्वास मला अजून कुणाच्या नावावर लावता आलेला नाही.

मित्रांनो, जुनं झालं म्हणून आम्हाला खोटं ठरवू नका. आम्हाला तोंड नाही. आकडा हीच आमची हाक. ती आली, की बटण दाबण्याआधी दार उघडा.