ट्रेलरवर प्रभूची जागा

आमच्या गावचे छत्तीस मोटरसायकलवाले दर फेब्रुवारीत एस्किपुलासच्या बासिलिकेत, तिथल्या मोठ्या चर्चमध्ये, काळ्या ख्रिस्ताच्या मूर्तीच्या दर्शनाला जातात. सगळ्यांच्या मागून आमची पिकअप असते; वाटेत कुणाची गाडी बंद पडली की ती उचलून घ्यायची. पिकअप मी चालवते. यंदा संघाने स्वतःचा ट्रेलर घ्यायचं ठरवलं, आणि कुठला घ्यायचा ते चालवणारीनेच सांगावं, असंही ठरलं.

माझ्या डोळ्यांपुढे मात्र एकच मोटरसायकल होती. वेनान्सिओची, माझ्या नवऱ्याची. सात वर्षं स्वतः गाडी चालवत दर्शनाला येईन, असा त्याने नवस बोललेला आणि हे सातवं वर्ष. पण गेल्या ऑगस्टमध्ये फळीवरून गाडी पिकअपमध्ये चढवताना त्याचा पाय घसरला, गाडी अंगावर आली आणि खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, सपाटीवर चालवा, घाटात अजिबात नाही. तो म्हणाला, ठीक आहे, घाट संपेपर्यंत गाडी ट्रेलरवर नेतो आणि शेवटचे चार किलोमीटर स्वतः चालवतो. धड ट्रेलर मिळाला नाही तर मात्र अख्खा रस्ता चालवीन. तो बोलतो तसं करतो. एकोणचाळीस वर्षं बघते आहे.

शुक्रवार होता. शुक्रवारी दुपारपर्यंत मी नुसत्या पाण्यावर असते. पहाटेची जपमाळ आटोपून आम्ही दोघं आबुंदिओकाकांच्या अंगणात गेलो. काका वेल्डिंग करतात, ट्रेलर बांधतात. संघाचा प्रमुख नेहेमियास आणि त्याचा मेहुणा फिदेल आमच्याआधीच येऊन लाल ट्रेलरपाशी उभे होते.

लाल ट्रेलर कोरा करकरीत. तीन मोटरसायकलींची चाकं बसतील अशा तीन लोखंडी पन्हाळ्या, आणि पुढच्या टोकाला उंच चौथरा.

"हा प्रभूसाठी," नेहेमियासने चौथऱ्यावर थाप मारली. "पुढे प्रभू, मागे गाड्या. वहिनी, फुलांना चहूबाजूंनी जागा ठेवायला सांगितलीय. खास तुमच्यासाठी."

संघ यात्रेत सोबत नेतो ती प्रभूची लाकडी मूर्ती दरवर्षी मीच सजवते. मला ते गोड वाटलं, खोटं का बोलू?

कोपऱ्यात दुसरा ट्रेलर होता. जुना, राखाडी, सपाट फळ्यांचा, आणि इतका बुटका की मागची झडप पाडली की तीच जमिनीपर्यंत उतरण व्हायची.

"तो कोंबड्यांचा," फिदेल हसला.

"डुकरांचा," काकांनी दुरुस्त केलं. "धुतलाय पण."

आधी लाल ट्रेलर पिकअपला जोडला. वेनान्सिओची, नेहेमियासची आणि फिदेलची अशा तीन गाड्या चढवल्या. फळी चांगलीच उभी होती. वेनान्सिओने हँडलला हात घातला, तसा माझा जीव वरखाली झाला; पण फिदेलने मुकाट्याने गाडी त्याच्याकडून घेतली. मूर्तीच्या जागी काकूंचं एक रिकामं पिंप बांधलं. मूर्तीही आतून पोकळच आहे, वजन साधारण तेवढंच.

पूल ओलांडून उतार लागेपर्यंत सगळं ठीक होतं. मग पिकअपचा मागचा भाग डुलायला लागला. आरशात पाहिलं तर ट्रेलर डावीकडे, मग उजवीकडे, मग आणखी डावीकडे.

"ब्रेक! ब्रेक दाबा वहिनी!" मागच्या सीटवरून नेहेमियास ओरडला.

मी ब्रेकला पाय लावला नाही. फक्त अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि 'नमो मरिया' म्हणत राहिले. दुसऱ्यांदा म्हणून होईस्तोवर ट्रेलर शांत झाला. शेजारी वेनान्सिओचा हात खुब्यावर होता.

परत आल्यावर नेहेमियास म्हणाला, "वहिनी जरा जोरात घेतात."

"जोरात?" काका पुढे आले. त्यांनी ट्रेलर सोडवला आणि त्याचा पुढचा दांडा नुसत्या दोन बोटांनी उचलला. "हे बघ. हा उचलताना मला माझी आई आठवायला हवी. पुढे वजनच नाही. सगळा भार चाकांच्या मागे गेलाय, म्हणून शेपूट हलतंय."

"मग गाड्या पुढे सरकव."

"कुठे सरकवू? तिथे प्रभू बसलाय. चौथरा कापून देतो, पण मग प्रभूला..." काका माझ्याकडे बघून थांबले.

फिदेलने टोपी काढून हातात घेतली. तिघंही माझ्याकडे बघायला लागले. फुलं मी घालते, जपमाळ मी सांगते. प्रभूला मागे हलवा, हे तोंडातून काढायचं झालं तर माझ्यासमोर कोण काढणार?

नेहेमियासनेच काढलं. "प्रभूला गाड्यांच्या ढुंगणामागे बसवायचं? आजवर कधी झालं नाही. फादरना काय सांगू?"

"राहू दे रे," वेनान्सिओ म्हणाला. "ट्रेलर नको न् काही नको. मी चालवत जातो."

क्षणभर वाटलं, चौथऱ्याची हौस मलाही होतीच की. फुलं लोकांना समोरून दिसावीत, एवढीच ती हौस. प्रभूने कधी मागितला होता तो चौथरा?

"नेहेमियास," मी म्हणाले, "हा ट्रेलर कशासाठी घेतोय आपण?"

"मागे पडणाऱ्यांसाठी."

"मग प्रभूलाच सगळ्यात मागे बसू दे. तोंड मागे करून. कोण मागे राहिलं ते त्यालाच आधी दिसेल. फादरना मी सांगते."

फिदेल हळूच म्हणाला, "फुलं उडतील पण, वहिनी."

"तारेने बांधीन. आणि काका, तो डुकरांचा जोडा."

राखाडी ट्रेलरवर गाड्या पार पुढच्या कठड्याला टेकवल्या. शेजारी शेजारी उभ्या केल्यावर हँडलं एकमेकांत अडकायला लागली, तेव्हा काकांनी मधली उलट्या तोंडाची केली, मग तिन्ही बसल्या. झडप पडलेलीच होती. वेनान्सिओने आपली गाडी स्वतःच चढवली होती, कुणाला हात लावू दिला नव्हता. पाच पावलं. पाय कुठेही घसरला नाही. पिंप सगळ्यात मागे गेलं. काकांनी दांडा उचलला, कण्हले आणि आईचं नाव घेतलं.

त्याच उतारावरून उतरले. आरशात ट्रेलर सरळ रेषेत. वेग वाढवला, तरी सरळ. नेहेमियास खिडकीबाहेर बघत म्हणाला, "वहिनी तशा बऱ्या चालवतात." वेनान्सिओ इतका हसला की त्याला खोकला आला.

दुपार टळली होती. काकूंनी मक्याच्या पिठाचा, केळीच्या पानात उकडलेला गरम तमाल हातात ठेवला. इतकी भूक मला कित्येक महिन्यांत लागली नव्हती.

फेब्रुवारीत घाट उतरून सपाटीला लागल्यावर मी पिकअप कडेला घेतली. वेनान्सिओने झडप पाडली, मूर्तीच्या कडेने गाडी खाली घेतली आणि किक मारली. "चल म्हातारे, मागे राहू नकोस," म्हणाला आणि निघाला. मी त्याच्या मागून, दुसऱ्या गियरमध्ये. पुढे पांढरी बासिलिका, तिच्यापुढे त्याची पाठ, ताठ. माझ्या मागे प्रभू, आलेल्या रस्त्याकडे बघत. झेंडूचं एकही फूल उडालं नव्हतं.