चार बोटं जास्त

गादीवाल्या आजोबांना घरात गादीच्या बाबतीत कोणी शिकवायला जात नसे. उभा जन्म त्यांनी कापसात काढला होता. नाकात, भुवयांत, चहाच्या कपातही कापूस. बाकी कशावरून वाद झाला तर ते एखादवेळ ऐकून घेत, पण गादीचा विषय निघाला की तो त्यांचा.

नातींसाठी दुमजली पलंग आला, तेव्हा सून अर्धी रजा टाकून घरी थांबली. तिचा नवरा लांब पल्ल्याचा ट्रक चालवायचा, तो असून नसल्यासारखा. ती स्वतः चष्म्याच्या दुकानात भिंगं बसवायची, त्यामुळे मापाला पक्की. सुताराने पलंग जोडला, शिडी गदागदा हलवून पाहिली आणि वरच्या खांबावर पेन्सिलीने एक रेघ ओढली.

"गादी या रेघेच्या खाली राहू दे ताई. वर गेली की कठडा नुसता शोभेला. आणि धाकटीला वर झोपवू नका, ती लहान आहे अजून."

धाकटीने लगेच भोकाड पसरलं. नऊ वर्षांची थोरली गालातल्या गालात हसली आणि उशी घेऊन वर चढली.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी थोरलीची गादी आणली. लाडक्या नातीची गादी म्हणून कापूस भरताना त्यांनी हात जरा सैलच सोडला होता. गादी वर टाकल्यावर रेघ पार गडप झाली. कठडा उरला जेमतेम चार बोटं.

"बाबा, गादी फार जाड झालीय," सून म्हणाली.

"नवा कापूस आहे. बसेल."

"आणि बसेपर्यंत पोरीने जागं राहायचं?"

आजोबांचं नाक फुगलं. "सुताराने लाकडाचं बघावं. गादीतलं मला कळतं."

त्या दिवशी ते भिंतीकडे तोंड करून जेवले. आधीच नवरा घरात नसतो, त्यात सासऱ्यांचा अबोला कोण सांभाळणार, म्हणून सुनेने विषय सोडला. पलंग कोपऱ्यात सरकवून तिने एक बाजू भिंतीला लावली आणि मोकळ्या बाजूला जमिनीवर सतरंजी अंथरली. तरी तिच्या मनात पाल चुकचुकत राहिलीच.

पुढच्या आठवड्यात थोरलीला ताप आला. सून कामावर, धाकटी शाळेत, पोरीपाशी आजोबा. दुपारी ते खोलीतच जमिनीवर बसून धाकटीच्या गादीला दाभणाने टाके घालत होते. खालचा पलंग त्यामुळे उघडा होता आणि थोरली वरच झोपली होती. तापात ती तळमळत होती. तिने पांघरूण लाथाडलं, कूस बदलली. आजोबांनी मान वर केली तर तिचा गुडघा कठड्याच्या बाहेर लोंबत होता.

"अगं, आत सरक!"

ती सरकली, पण बाहेर. कठडा असून नसल्यासारखा होता, तिची पाठ त्याच्यावरून सहज घरंगळली. आजोबा दाभण टाकून धावले आणि दोन्ही हात पुढे केले. पोरगी त्यांच्या अंगावर आली, दोघं सतरंजीवर कोसळली. तिचं कपाळ शिडीच्या पायरीला लागलं. आजोबांचं मनगट त्यांच्याच अंगाखाली मुडपलं. ती रडली तेव्हा त्यांच्या जिवात जीव आला.

शेजारच्या शिंपिणीने रिक्षा आणली. दवाखान्यात थोरलीच्या कपाळाला टाके पडले, आजोबांच्या हाताला प्लास्टर. सून धावतपळत आली, पोरीला पोटाशी धरून बसली आणि आजोबांशी अवाक्षर बोलली नाही.

"बोल की काहीतरी," शेवटी तेच म्हणाले.

"काय बोलू बाबा? बोलायचं ते आधीच बोलले होते."

"बोलली होतीस. माझंच डोकं फिरलं होतं."

ती त्यांच्या प्लास्टरकडे बघत राहिली. "तुम्ही तिथे नसता तर..." एवढंच म्हणाली आणि पाणी आणायला उठली.

घरी गेल्यावर आजोबांनी थोरलीची गादी खाली काढायला लावली. उजवा हात गळ्यात, डाव्या हाताने दाभण धरवेना. मग सूनच मांडी घालून बसली. ते सांगत गेले, ती टाके उसवत, कापूस ओढत गेली. शिंकून शिंकून तिचा जीव अर्धा झाला.

"एवढा बस?"

"अजून काढ. हातचं राखू नकोस."

शिवण वाकडीतिकडी पडली. गादी एका कोपऱ्यात जरा पिचकलीही. आजोबांना ते बघवत नव्हतं, पण त्यांनी ब्र काढला नाही. गादी वर टाकली, तर कठडा तिच्यावर वीतभर उभा राहिला.

पण थोरली वर चढेना. ती खाली धाकटीशेजारी झोपू लागली. रोज लाथांवरून भांडणं. आजोबांचं प्लास्टर निघालं त्या संध्याकाळी त्यांनी तिला पुन्हा समजावलं.

"आधी तुम्ही झोपून दाखवा," ती म्हणाली.

सुनेने शिडी घट्ट धरली. आजोबा एकेक पायरी चढले आणि कण्हत आडवे झाले. सुनेचा एक टाका पाठीला बोचला. त्यांनी मुद्दाम इकडून तिकडे लोळून दाखवलं, कोपर कठड्यावर आपटलं.

"बघ. पडतोय का कुठे?"

दोघी बहिणी खालून बघत राहिल्या. थोड्या वेळाने वरून घोरणं ऐकू आलं. थोरली शिडी चढली, कठडा दोन्ही हातांनी धरून जोरात हलवला. तो हलला नाही, आजोबाही हलले नाहीत.

"आजोबा, उठा ना," तिने त्यांच्या पोटात बोट खुपसलं. "ही माझी जागा आहे."