माझ्या तळातलं भोक

माझ्या तळाला भोक पाडून माझ्या मालकांना, घड्याळं दुरुस्त करणाऱ्या घड्याळजींना, काय मिळणार होतं, ते आधी सांगते. एक, रोजचे दोन-चार मासे. दुसरं, आणि खरं तर हेच पहिलं, मेहुण्याचं तोंड बंद. तो दर रविवारी आपले मासे मिरवत यायचा आणि विचारायचा, "काय दाजी, आज पण तळ्याला नुसतीच भेट देऊन आलात?"

मित्रांनो, मी एक जुनी, पिवळी कयाक आहे. एका माणसाची प्लास्टिकची होडी. माणूस माझ्या पाठीवर बसतो. पोट बंद आणि पोकळ, त्यातल्या हवेवर मी तरंगते. पहिली दोन वर्षं घड्याळजी मला घड्याळासारखं पुसायचे. मग मासे गळाला लागेनात, तशी मी परसात उपडी पडले. माझ्यावर कुंड्या आल्या.

एके दिवशी कुंड्या उतरल्या. पाण्यातले मासे दाखवणारं यंत्र घरी आलं होतं. पडदा माझ्या पाठीवर, बॅटरी पोटात आणि पाण्याचा कानोसा घेणारा काळा गोळा तळाखाली. गोळ्याची वायर आत घ्यायला तळात भोक हवं. घड्याळजींनी केसाइतकं अचूक माप घेतलं आणि ते पाडलं. वायर बुचासारखी घट्ट बसली.

शिवणाच्या मशीनवरून उठून त्यांची बायको बघायला आली. "अहो, कडेनं जरा सिलिकॉन भरा की."

"घड्याळात मी कधी सिलिकॉन भरतो का? मापात बसलंय."

"घड्याळाला कुणी ओढत नाही. कापडावर ताण आला की सुईचं भोकसुद्धा उघडतं. रोज बघते मी."

"ही होडी आहे बाई, झबलं नाही!"

त्यांनी मला दोन तास काठाशी रिकामी तरंगत ठेवलं. थेंबही आत आला नाही. रिकाम्या अंगाला ताण कसला?

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई सोबत आल्या. घड्याळजींच्या दोन्ही हातांत यंत्र होतं, म्हणून बुडू न देणारं जाकीट घरी खुंटीवरच राहिलं. आणि त्यांना पोहता येत नव्हतं.

ते बसले, वल्हं मारलं, आणि माझा तळ वाकला. भोकाचा ओठ उघडला. पाण्याची गार धार आत आली. प्रत्येक वल्ह्याला एक घोट. मला तोंड असतं तर ओरडले असते. घड्याळजींचे डोळे पडद्यावर होते. गळाला एक मासा लागलाही.

"अहो, होडी खाली बसतेय!" काठावरून बाई ओरडल्या.

"गप्प! मासे पळतील."

"अहो, परत फिरा!"

त्यांनी हात झटकला. तेवढ्यात पडदा काळा झाला. त्यांनी माझ्या पोटाचं झाकण उघडलं, तर बॅटरी पाण्याखाली. घाईनं वल्हं मारावं तर भोक आणखी उघडे; थांबावं तर मी तशीच बुडत होते.

"हळू मारा! हळू! माझ्याकडे बघा!" गळा फाटेपर्यंत ओरडत बाई छातीभर पाण्यात शिरल्या. दोर फेकला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा घड्याळजींच्या हातात आला, तेव्हा पाणी माझ्या पाठीवरून वाहत होतं.

आता माझ्या तळाला ठिगळ आहे, चहूबाजूंनी सिलिकॉन भरलेलं. मित्रांनो, एखाद्याच्या अंगावर नवं काही चढवाल, तर तो रिकामा असताना पारखू नका. भार पडल्यावर त्याचं काय होतं, ते बघा. आणि काठावरून कुणी ओरडलं, तर एकदा मान वळवा.

रविवारी मेहुणा आला. "काय दाजी, या खेपेला तळ्यात मुक्कामच करणार होतात म्हणे?" नेहमीप्रमाणे त्याने बहिणीच्या उत्तराची वाट पाहिली. बाईंनी तोंड उघडलं, पण आवाजच फुटला नाही. पाच दिवस झाले, बसलेला घसा सुटला नव्हता. ती काठावरून किती ओरडली असेल, ते मेहुण्याला तेव्हा कळलं. त्यानंतर तो तळ्याचं नाव काढत नाही.

म्हणजे घड्याळजींना हवं होतं ते मिळालं. किंमत बाईंच्या गळ्यानं मोजली.