यिस्काची टोपली

ज्या टोपलीतून देवाने योखबेदचं मूल वाचवलं, ती टोपली यिस्काची होती. आणि ती तिने देवाला दिलेली नव्हती.

हे मिसरातल्या गोशेनच्या त्या गुलामांच्या गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. गल्ली योखबेदच्या दारात जमून डोळे पुसत होती. राजकन्येला नदीत मूल सापडतं काय, तिला दया येते काय, आणि दूध पाजायला दाई म्हणून नेमकी त्याची सख्खी आईच बोलावली जाते काय! वर पगार, वर दारावर राजवाड्याचा मातीचा शिक्का. आता गुलामांचे तान्हे मुलगे नदीत टाकणारा फारो राजाचा शिपाईसुद्धा त्या उंबऱ्यावर पाय ठेवणार नव्हता. म्हातारी माणसं म्हणत होती, देवाच्या मनात या पोराबद्दल काहीतरी मोठं आहे. यिस्का पलीकडच्या भिंतीला टेकून ऐकत होती आणि दातावर दात रोवून बसली होती.

यिस्का लव्हाळे कापून टोपल्या विणायची. विटांच्या भट्टीवर तिच्या टोपल्या जायच्या. नदीच्या कुठल्या वळणावर राजकन्या स्नानाला उतरते, कुठल्या दिवशी दासी कमी असतात, उतरताना ती मूल व्हावं म्हणून देवीला मातीची बाहुली कशी वाहते, हे सगळं तिने पाण्यात गुडघाभर उभं राहून पाहिलं होतं. तिचा याखीन तेव्हा दीड महिन्याचा होता. मूल मेलेलंच जन्मलं, असं सुईणीने वर कळवलं होतं आणि ते मेलेलं मूल धान्याच्या रांजणात पाय झाडत होतं. यिस्काने झाकणाची टोपली विणली, आतून बाहेरून डांबर आणि राळ फासली. राजकन्येच्या वळणावर सोडलेली टोपली दुरून राखायला कुणी तरी हवं, म्हणून तिने बेत सांगितला तो एकट्या योखबेदला. योखबेदची मिर्याम चुणचुणीत पोर होती.

"चंद्र बदलू दे गं," योखबेद म्हणाली होती. "टोपली माझ्याकडे वाळत ठेव. तुझ्याकडे ती झडतीवाली हेनुत सारखी येते."

चंद्र बदलायच्या आधीच योखबेदने आपलं पोर त्या टोपलीत ठेवलं. राजकन्या एकच होती. रोज एक मूल सापडलं तर तीही विचारणारच की, ही नदी आहे की बाजार?

गर्दी पांगल्यावर यिस्का आत शिरली.

"योखबेदवहिनी, माझी टोपली द्या."

योखबेद पोराला पाजत होती. तिने मान वर केली नाही. "ती राजवाड्यातच राहिली गं."

"बरं झालं. तिथे तरी तिला कुणी विचारेल, तुला कुणी विणलं म्हणून."

"यिस्का, ऐक ना. याचा आवाज चौथ्या घरापर्यंत जायला लागला होता. मी काय करू सांग."

"आणि माझं काय भजन म्हणतंय?"

"त्या पहाटे मला वाटलं, आज नाही तर कधीच नाही. देवानेच तसं मनात घातलं."

"देवाच्या नावावर खपवू नका, वहिनी. चोरी तुम्ही केलीत. देवाने फक्त पाहिलं." यिस्काचा आवाज फाटला. "मी दुसऱ्या कुणाला नाही, तुम्हाला सांगितलं होतं."

योखबेद रडली. यिस्काला त्याचाही राग आला. रडायची पाळी तिची होती आणि तीही या बाईने आधीच गाठली होती.

घरी तिचा नवरा ओहद भट्टीवरून येऊन कांदा-भाकरी खात बसला होता. तो म्हणाला, "एक शब्द पुरे आहे. दाईच आई आहे, एवढं हेनुतच्या कानावर घाल. बघू मग देवाच्या मनात काय आहे ते."

तो शब्द यिस्काच्या जिभेच्या टोकावरच होता.

तिसऱ्या दिवशी हेनुत आली. गल्ली तिला दूध हुंगणारी म्हणायची. ज्या घरी मूल मेलं म्हणून सांगितलेलं असे, तिथे जाऊन ही मिसरी बाई बायकांच्या छातीवरचे डाग तपासायची. दूध अजून चालू म्हणजे पिणारा कुठेतरी आहे, असा तिचा सरळ हिशेब. ती दारात उभी राहिली आणि त्याच क्षणी रांजणातून याखीनने टाहो फोडला.

"ए टोपलीवाली, हे कोण रडतंय?"

यिस्काच्या तोंडातून शब्द गेले ते असे: "शेजारचं, बाई. राजवाड्याचं. दिवसभर डोकं उठवतंय, पण बोलायची सोय आहे का?"

हेनुतने शेजारच्या दारावरचा शिक्का पाहिला. भिंत सामाईक होती. "हळू बोल," ती म्हणाली. "उद्याचा धनी आहे तो. आणि तुझ्या अंगावर अजून डाग दिसतायत. पुन्हा येईन तेव्हा दिसले, तर घर खणून काढीन."

ती गेल्यावर यिस्काने याखीनला रांजणातून बाहेर काढलं. ज्या शब्दाने ती योखबेदला बुडवणार होती, त्याच्या उलट शब्दाने तिचं मूल वाचलं होतं. साऱ्या गोशेनात आता एकाच घरात तान्ह्या मुलाला मोठ्याने रडायची परवानगी होती. त्या घराशिवाय याखीनला जागा नव्हती.

याखीनला लव्हाळ्यांच्या भाऱ्यात दडवून तिने तो योखबेदच्या पुढ्यात ठेवला.

"हा इथे रडेल. तुमच्याबरोबर."

योखबेदने घाईने दार लोटलं. "दोन दिसले तर दोन्ही जातील गं!"

"मी तोंड उघडलं तर एकही राहणार नाही."

योखबेदने दुसऱ्या अंगाला पदर बाजूला केला आणि याखीनला घेतलं. तो लगेच प्यायला लागला. यिस्काला वाटलं होतं, निदान थोडे तरी आढेवेढे घेईल.

घरी येऊन तिने छाती फडक्याने करकचून बांधली. ताप भरला, गाठी आल्या, पण दूध आटेपर्यंत फडकं सुटलं नाही. हेनुत पुन्हा आली, कोरडा अंगरखा पाहून गेली. भिंतीपलीकडे एक रडणं थांबलं की दुसरं सुरू व्हायचं. त्यातलं आपलं कुठलं, हे यिस्काला झोपेतही कळायचं.

दाईच्या घरी बायकांची वर्दळ नको, असं राजवाड्यातून बजावलेलं होतं. यिस्का आठवड्यातून एकदा कांद्याची पात घेऊन जायची. याखीन रांगायला लागला, चालायला लागला. तिला तो मावशी म्हणायचा. पाहुणी दिसली की योखबेदच्या मागे लपायचा. राजकन्येचा पोरगा मात्र यिस्काला घट्ट बिलगायचा, आणि तिला त्याचा राग धरता यायचा नाही. त्याने तिला झिडकारलं असतं तर राग तरी धरता आला असता, तेवढंही सुख तिच्या नशिबी नव्हतं.

तिसऱ्या वर्षी दूध तोडायचा दिवस आला. गल्लीने आपल्या रीतीप्रमाणे जेवण घातलं, जवाच्या भाकरी, मासळी, काकड्या. राजवाड्याची नाव किनाऱ्याला लागली. राजकन्येने पोराला तिकडचं नाव दिलं होतं, मोशे. योखबेदने त्याला स्वतःच्या हाताने नावेत बसवलं आणि नाव दिसेनाशी होईपर्यंत ती उभी राहिली. "देव मोठा आहे," गल्ली म्हणाली. यिस्का म्हणाली नाही.

याखीनला आता भीती नव्हती. दूध सुटलेल्या पोराला शिपाई नदीत टाकत नसत, पुढे विटा पाडणाऱ्यांच्या गणतीत धरत. यिस्का त्याला न्यायला आली. दोन्ही हात पुढे करून खाली बसली.

"चल बाळा, घरी."

"मावशी नको," तो म्हणाला आणि योखबेदच्या अंगरख्यात तोंड खुपसलं. यिस्काने त्याला ओढलं. त्याने तिच्या हाताला चावा घेतला आणि "आई! आई!" करून असा ओरडला की सारी गल्ली वळून पाहू लागली.

"वहिनी," यिस्का म्हणाली, "सांगा त्याला."

योखबेदचं एक पोर नुकतंच गेलं होतं. दुसरं तिच्या पायांना घट्ट मिठी मारून होतं. तिचा हात त्याच्या केसांत होता आणि तो निघता निघत नव्हता. यिस्काला वाटलं, ही बाई आता पुन्हा तेच करणार.

शेवटी योखबेद वाकली. त्याचं नाक पुसलं. "याखीन, मी सांगते ते ऐकायचं हं. ती तुझी आई आहे. जा तिच्याकडे."

त्याने हुंदका आवरला. तो शहाण्यासारखा चालत आला आणि यिस्काच्या मांडीवर बसला. आईचं ऐकणारा मुलगा होता तो.