डिस्क जोडल्याशिवाय नाही

भवानी पेठेतल्या चादरीच्या कारखान्यात अंकिता कॉम्प्युटरवर नक्ष्या काढायची. त्या सकाळी तिच्या मोराच्या नव्या नक्ष्या सर्व्हरवर सापडेनात. मालक महेश्वरअण्णा सगळ्यांदेखत ओरडले, "हिनंच पुसल्या. दुसऱ्याला विकल्या असतील की!"

अंकिता लालबुंद झाली आणि आपली पिशवी आवरू लागली.

अण्णांनी सर्व्हर सांभाळणाऱ्या दानेश्वरीला बोलावून घेतलं.

"हिनं पुसलं, एवढं सगळ्यांना सांग."

"आधी बघते."

"मी सांगतोय ना!"

"तुम्ही सांगा की. मी न बघता बोलणार नाही."

अण्णा डोक्यावर उभे असतानाच तिने सर्व्हरच्या नोंदी उघडल्या. आदल्या दिवशी वीज गेली होती. परत आल्यावर सर्व्हर लगेच चालू झाला. पण नक्ष्यांची मोठी डिस्क वेगळी, अचानक बंद पडली की तिची आधी तपासणी होते, त्यात बराच वेळ जातो. नक्ष्यांचा प्रोग्राम डिस्कसाठी थांबलाच नाही. डिस्क ज्या फोल्डरवर जोडली जाते तो तेव्हा रिकामा होता, अंकिताचं काम त्यातच साठत गेलं. मग डिस्क वरून जोडली गेली आणि खालचं सगळं झाकलं गेलं.

दानेश्वरीने डिस्क सोडवली. फोल्डरमध्ये मोर जसेच्या तसे होते.

"पुसलं कुणीच नाही, अण्णा."

मोर दुसरीकडे उतरवून तिने डिस्क पुन्हा जोडली आणि ते डिस्कवर ठेवले. मग सर्व्हरला नवी अट घातली: डिस्क जोडली गेली नसेल, तर प्रोग्राम सुरूच करायचा नाही.

"म्हणजे वीज गेली की माणसं हातावर हात ठेवून बसणार?" अण्णा भडकले. "काढ ते!"

"नाही काढणार. भलत्या जागी काम साठण्यापेक्षा बंद राहिलेलं बरं."

"दुसरा माणूस आणीन!"

"आणा. आज कुणाला चोर म्हणालात, तेही त्याला सांगा."

अण्णा जायला वळले. अंकिता मात्र पिशवी खांद्याला लावून दारात उभी होती.

"अण्णा, सगळ्यांसमोर बोललात. आता सगळ्यांसमोरच माघार घ्या, तरच मी कामाला बसते."

माग थांबले होते. अण्णा जमिनीकडे बघत पुटपुटले, "चुकलं माझं."

"पलीकडच्या मागावर येडूकाका हायेत," अंकिता म्हणाली. "त्यांना ऐकू गेलं न्हाय."

अण्णांनी मान वर केली आणि मोठ्याने पुन्हा सांगितलं.